इंचभरही नाही

फोनवर ओरडून ओरडून व्हर्नन स्टकीचा गळा बसला होता, तरी तो ओरडतच होता. धरणाच्या कार्यालयाने नोटीस काढली होती: तलाव रोज चार इंच उतरतोय, शुक्रवारपर्यंत बोटी बाहेर काढा. त्यानंतर बोटी ओढून काढायचा उतार, म्हणजे रॅम्प, कोरडा पडेल आणि पाऊस येईपर्यंत एकही बोट निघणार नाही.

"खोटारडे आहात सगळे! माझ्या बोटीच्या धक्क्याला मोजपट्टी आहे. जूनपासून रोज सकाळी बघतोय. सोळा म्हणजे सोळा! इंचभर हललं नाही पाणी!"

"मिस्टर स्टकी, आमचे आकडे..."

"चुलीत घाला ते आकडे!"

बोटीत त्याचा जीव होता. ऑक्टोबरात बास मासा गळाला लागायला लागतो, आणि त्या दिवसांत जो बोट अंगणात उभी करतो तो टेक्सासचा माणूसच नव्हे, असं त्याचं मत होतं.

शेजारचा हॉइट बोट काढायला निघाला, तर व्हर्ननने त्याला दंडाला धरून धक्क्यावर नेलं.

"वाच."

"सोळा."

"उद्या ये. तेव्हाही सोळाच असेल."

हॉइट दुसऱ्या दिवशी आला. सोळाच. त्याने बोट पाण्यातच ठेवून ती ओढायचा ट्रेलर परत गॅरेजात ढकलला, आणि त्याचं बघून तलावकाठच्या रांगेतल्या बाकी आठ घरांनीही. धक्क्यावर उतरायची फळी मात्र दिवसेंदिवस शिडीसारखी उभी होत चालली होती. त्याबद्दल व्हर्नन आपल्या गुडघ्यांना शिव्या घालायचा.

शुक्रवारी रॅम्प बंद झाला. पुढच्या मंगळवारी व्हर्ननने पट्टी पाहिली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा! एका रात्रीत चार इंच! धरणवाल्यांनी खालच्या भातशेतीवाल्यांना चोरून पाणी सोडलं, दुसरं काय! त्याने कार्यालयातून माणूस बोलावला.

ट्रेहो नावाच्या बाई आल्या. त्या फळीवरून बसत बसत खाली उतरल्या.

"ही पट्टी कशाला ठोकलीय?"

"धक्क्याला. दिसत नाही?"

"आणि धक्का?"

"तरंगता आहे. चांगल्यातला आहे!"

"म्हणजे पाणी उतरलं की धक्काही उतरतो, आणि त्याच्याबरोबर पट्टीही."

व्हर्नन पट्टीवर वाकला. "मग आज बारा कसे?"

"आज धक्का चिखलात बसलाय, साहेब. आता एकटं पाणीच उतरतंय."

बोटही बसली होती, एका कुशीवर. पलीकडे हॉइटची, त्यापलीकडे बाकीच्यांची. हॉइट मुठी आवळून येताना दिसला तसा व्हर्नन धापा टाकत घरात शिरला. बायको नदीन शांतपणे बर्फाचा चहा पीत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"पट्टी ठोकलीस त्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?" तो किंचाळला.

"बावीस वर्षं दर रविवारी पहाटे मला त्या बोटीत कोंबतोस. नको म्हणाले तेव्हा ऐकलंस कधी?" आता तिचाही आवाज चढला. मग तिने टेबलावरचा डबा त्याच्यापुढे सरकवला. "घे. पीचचा केक आहे. हॉइटच्या बायकोने आभार म्हणून तुझ्यासाठी पाठवलाय. बाकीच्या आठ जणींचे संध्याकाळपर्यंत येतील."