तार कोणाची उलटी?

थोरले हॉलमध्ये पालथे पडून लाउडस्पीकरच्या पोटात बॅटरीचा उजेड पाडत होते आणि त्यांची बायको फोन कानाला लावून दारात उभी होती.

"भावोजी विचारतायत, पुढचं कापड फाडून काढलं की उसवून?"

"त्याला म्हणावं, तू तुझं बघ." थोरले खोक्यातूनच म्हणाले. मग जरा थांबून, "उसवून, सांग. आपण काही रानटी नाही."

"उसवून," बायकोने फोनमध्ये सांगितलं. पलीकडून धाकटी जाऊ काहीतरी बोलली. "अहो, त्यांनी फाडलं म्हणे."

खोक्याच्या अंधारात थोरल्यांना फार दिवसांनी गाढ समाधान वाटलं.

हा लाउडस्पीकर वडलांचा. वडील सरकारी हिशेबतपासनीस होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेरजा तपासून त्यांची अशी पक्की समजूत झाली होती की अर्धंअर्धं केलं की भांडण उरत नाही. जाताना त्यांनी बुद्धिबळाच्या पांढऱ्या सोंगट्या थोरल्याला दिल्या, काळ्या धाकट्याला. कपाटासारखे उंच, शिसवी लाकडाचे दोन लाउडस्पीकर होते, ते एकेकाला एकेक. आवाज मोठा करायचा अ‍ॅम्प्लिफायर थोरल्याला आणि टेप वाजवायचं यंत्र धाकट्याला. एवढी चोख वाटणी झाल्यावर दोघांकडेही काहीच वाजेना.

थोरल्याचं म्हणणं, धाकट्याने यंत्र आणून द्यावं. धाकट्याचं म्हणणं, दादाने अ‍ॅम्प्लिफायर पाठवून द्यावा. दोघेही रास्तच बोलत होते, त्यामुळे बोलणं बंद झालं ते कायमचंच. थोरल्यांच्या लाउडस्पीकरवर इस्त्रीचे कपडे आले, धाकट्याच्यावर कुंडी आली. जावाजावांचा फोन मात्र रोज चाले. दोन्ही घरांत एवढा एकच माल धड अवस्थेत राहिला होता.

आणि मग आईने बंड केलं. आई काही महिने इकडे, काही महिने तिकडे असे. तीही वाटणीतलीच. एकदा थोरल्याकडून धाकट्याकडे जायच्या दिवशी तिने बॅग भरली, रिक्षात बसली आणि सरळ आपल्या बहिणीकडे गेली. तिथून निरोप आला: "दोन्ही खोकी एका खोलीत ठेवून माझी टेप वाजवाल, त्या दिवशी परत येईन. तोवर माझी चौकशी करू नका, मी मजेत आहे."

'माझी टेप' म्हणजे तरुणपणी आईने म्हटलेलं एक लांबलचक गाणं. वडलांनी ते घरीच टेप केलं होतं. त्या टेपची चकती आई जाताना बॅगेत घालूनच घेऊन गेली होती. आई मजेत आहे, हे थोरल्यांना सर्वांत लागलं. त्यातून मावशीची गल्ली म्हणजे अर्ध्या गावाची जाण्यायेण्याची वाट. भेटेल तो विचारू लागला, "काय हो, आई मावशीकडे? बरं आहे ना घरी?" बरं नव्हतंच. संध्याकाळी आईच्या खुर्चीवर थोरले स्वतःच जाऊन बसत आणि बायकोने बघितलं की, "इथे वारा बरा येतो," म्हणत.

तेव्हा लाउडस्पीकर दुरुस्त करणं भाग होतं. दोघांनीही मेकॅनिककडे न देता स्वतःच करायचं ठरवलं. कारण पहिल्याने तसं ठरवलं होतं. पहिला कोण, याबद्दल आजही दोन मतं आहेत.

कागदी शंकूच्या कडेची स्पंजाची गोल पट्टी कुजून चुरा झाली होती. तो काळा चुरा थोरल्यांच्या बोटांवरून चहाच्या कपावर, कपावरून मिशीवर आणि मिशीवरून उशीच्या अभ्र्यावर गेला. बायको म्हणाली, "तुमच्या बाबांनी वाटणीत हेही अर्धं दिलं असेल ना? मग आपल्या वाट्याला एवढं कसं?"

थोरल्यांनी नवी पट्टी चिकटवली, ती वाकडी बसली, काढली, पुन्हा चिकटवली. लाकडाला पॉलिश केलं. धाकट्याने दोन हात पॉलिश केल्याचं फोनवर कळलं, म्हणून तिसरा हात मारला. आतल्या तारांना मात्र त्यांनी धक्का लावला नाही. तिथे वडलांनी स्वतःच्या हाताने जोड देऊन वर सुबक दोरा गुंडाळला होता. तो बघून थोरल्यांचे डोळे जरा पाणावले. "बघ," ते बायकोला म्हणाले, "काय हात होता! हे आहे तस्संच राहणार."

धाकट्यानेही आतल्या तारा तशाच ठेवल्याचं त्याच संध्याकाळी फोनवरून समजलं. थोरल्यांना ती उघड नक्कल वाटली.

रविवारी सकाळी धाकटा टेंपोतून आला. लाउडस्पीकर दुलईत गुंडाळलेला आणि यंत्र मांडीवर. दुपारी थोरल्यांची बायको आईला घेऊन येणार होती, तोवर सगळं लावून ठेवायचं होतं. दोघा भावांनी एकमेकांकडे न बघता खोकी भिंतीशी लावली.

"त्यांना सांग," थोरले बायकोला म्हणाले, "तारा मागच्या खुंट्यांना लागतात. लाल लालला, काळी काळ्याला."

"वहिनी, त्यांना सांगा," धाकटा म्हणाला, "मला रंग कळतात."

"मी निघाले," वहिनी पर्स उचलत म्हणाल्या. "येईपर्यंत एकमेकांना पत्रं लिहा."

आधी थोरल्यांचा एकट्याचा लाउडस्पीकर लावला. धाकट्याने आणलेली कुठलीशी गाण्याची टेप फिरू लागली आणि असा भरदार, गोल आवाज आला की कपाटातले पेले किणकिणले. वडलांच्या हयातीतही हा इतका चांगला वाजल्याचं थोरल्यांना आठवेना. ते श्रेय त्यांनी आपल्या तिसऱ्या हाताच्या पॉलिशला दिलं. मग धाकट्याचा एकटा लावला. तोही असाच वाजला. धाकट्याने छताकडे बघून मान डोलावली.

मग दोन्ही एकदम लावले.

गवई विहिरीत पडला. म्हणजे आवाज तसा येऊ लागला. खालचा घुमारा साफ गेला, तबला पत्र्याच्या डब्यासारखा टपटपू लागला आणि गाणारा बुवा शेजारच्या घरात नाक दाबून गात असावा असं वाटू लागलं. एकेकटे असताना राजासारखे वाजणारे दोघे एकत्र येताच एकमेकांचा गळा धरत होते.

"तुझ्यात काहीतरी घोळ आहे," थोरले म्हणाले.

"माझ्यात? आत्ता तर एकटा कसा वाजत होता, ऐकलंस ना?"

"माझाही वाजत होता!"

"मग?"

"मग काय मग?"

इतक्या वर्षांनी आपण थेट बोलतो आहोत, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. भांडणाच्या भरात अशा गोष्टी निसटतात.

शेवटी चौकातल्या रेडिओ मेकॅनिकला फोन लावला. त्याच्या तोंडात घास होता. "एकाची तार उलटी असणार, साहेब. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे खेचतो. आवाज एकमेकाला खाऊन टाकतात. मागची लाल-काळी अदलाबदल करा, झालं."

"कोणाची?"

"कोणाचीही करा. एकाचीच पण."

"तसं नाही," थोरले म्हणाले. "उलटी नक्की कोणाची आहे?"

"अहो साहेब, त्याला काही अर्थच नाही. जेवू द्या मला."

अर्थ नाही कसा? थोरल्यांच्या मते सगळा अर्थ तिथेच होता. "तुझी फिरव," ते म्हणाले. "माझ्या तारा बाबांनी जोडल्यात तशाच आहेत. मी हात लावलेला नाही."

"माझ्याही तशाच आहेत. मी फिरवली तर माझी चुकली होती असं होईल."

"तीच चुकलीय."

"दादा, तू लहानपणीही कॅरमचे पॉइंट असेच मोजायचास."

"कॅरम काढू नकोस मध्ये!"

धाकटा तणतणत हात धुवायला आत गेला. थोरले एकटे उरले. घड्याळाकडे बघितलं. आई केव्हाही येईल. येईल, ऐकेल, पुन्हा बॅग उचलेल आणि मावशीकडे पुन्हा मजेत राहील. खुर्चीत वारा येतच राहील. त्यांनी नळाचा आवाज चालू असल्याची खात्री केली, गुडघ्यांवर बसले आणि आपल्याच खोक्याच्या मागची लाल तार काळीच्या जागी आणि काळी लालच्या जागी लावली. उठताना कळ आली ती गुडघ्यात होती की आणखी कुठे, हे त्यांनी तपासलं नाही. धाकटा आल्यावर ते तोंड वळवून म्हणाले, "मी जरा खाली जाऊन रिक्षा आली का बघतो."

रिक्षा आली. आई जिना चढली, दारातच तिने दोन्ही खोकी शेजारी-शेजारी बघितली आणि आपल्या खुर्चीत बसली. टेपची चकती धाकट्याच्या हातात दिली. "सावकाश. ती माझ्यापेक्षा नाजूक आहे."

चकती फिरू लागली. थोरले निर्धास्त उभे होते. त्यागाचं तेज चेहऱ्यावर येऊ न देण्याची ते शिकस्त करत होते.

आवाज विहिरीतूनच आला. तसाच पातळ, तसाच पोकळ.

थोरल्यांनी धाकट्याकडे बघितलं. धाकटा डोळे विस्फारून थोरल्यांकडेच बघत होता आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हरची मूठ डोकावत होती.

"दादा," तो ओठ न हलवता पुटपुटला, "तू काही केलंस का?"

"मी? मी कशाला करू? तू?"

"छे."

म्हणजे दोघांनीही. एकाने माघार घेतली असती तर काम झालं असतं, दोघांनी घेतली म्हणून बिघडलं. आता आईसमोर खोक्यामागे कोणी जायचं? ते एक पाऊल सरकले, तेवढ्यात आईने हात वर केला.

"कोणी हलू नका." तिचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर असं काही होतं की थोरल्यांचं पाऊल तिथेच थांबलं. गाणं कडव्यामागून कडवी घेत चाललं. संपता संपता टेपमधून वडलांचा आवाज आला, "वा! वा, फारच छान!" आणि चकती रिकामी फडफडू लागली.

"असंच," आई म्हणाली. "अगदी असंच वाजायचं ह्यांच्या वेळी. लांबून आल्यासारखं. मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी करून नासवाल." तिने डोळे पुसले. "आणि पाहिलंत ना? सबंध गाणं होईस्तोवर ह्यांनी एक शब्द काढला नाही. नुसते ऐकत बसले होते. असं ऐकणारं माणूस मिळायला नशीब लागतं गं, सूनबाई." सूनबाईंनी नवऱ्याकडे एकदा बघून घेतलं.

आई आतल्या खोलीत गेली. बॅग उघडल्याचा आवाज आला, तेव्हा दोघा भावांनी एकदम श्वास सोडला.

"म्हणजे," धाकटा हळूच म्हणाला, "बाबांनीच उलटी जोडली होती. जन्मभर सगळी गल्ली त्यांना आवाजातलं विचारायला यायची, आणि हे…"

"हळू बोल."

"एकदा सरळ लावून ऐकूया का, दादा? बारीक आवाजात. आईचं गाणं खरं कसं होतं ते तरी कळेल."

थोरल्यांनाही मोह आवरेना. "कोणाची फिरवू?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी खरोखरच नुसती माहिती म्हणून विचारलं. धाकट्याने आपलीच फिरवली.

आणि आईचं गाणं खोलीत आलं. विहिरीतून वर, उन्हात. भरलेला, तरुण, थोडासा घाबरलेला आवाज. धाकट्याने तोंडावर हात ठेवला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याच्या सुरुवातीला, गाण्याच्या खालून, आजवर कधीच ऐकू न आलेला एक खर्जातला आवाज उगवला. माइकच्या अगदी जवळ बसलेल्या माणसाचा.

"अजून किती कडवी आहेत हिची…"

दोघेही थिजले. पाचव्या कडव्याशी तोच आवाज पुन्हा आला. "आटप गं बाई. भूक लागलीय."

मग लांबलचक जांभई. आणि शेवटी, नीट घसा साफ करून, "वा! वा, फारच छान!"

थोरल्यांच्या डोळ्यांपुढे वडील उभे राहिले. टेप मागे गुंडाळून पहिल्यांदा ऐकताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला असणार. स्वतःचा आवाज पुसायचा तर गाणंही पुसलं जाणार. मग हिशेब तपासून तपासून तयार झालेलं ते डोकं कामाला लागलं असणार, आणि एका खोक्याच्या पोटात एक तार उलटी जोडून, वर सुबक दोरा गुंडाळून त्यांनी आपला खर्ज कायमचा वजा करून टाकला असणार. एका जांभईसाठी त्या माणसाने जन्मभर पोकळ गाणी ऐकली होती आणि तक्रार केली नव्हती.

"का रे, पुन्हा लावलंत?" आतून आईचा आवाज आला. "आणि मध्येच कोण बोललं?"

दोघेही एकाच वेळी गुडघ्यांवर आले. थोरल्यांनी हाताला लागेल ती तार पकडली.

"कोणी नाही, आई! तार जरा उलटी लागली होती."

"अगंबाई. कोणाची?"

"माझी," थोरले म्हणाले.

"माझी," धाकटा म्हणाला.