खुनी बदलून मिळेल

सतरा रहस्यकादंबऱ्या लिहिल्या मी, आणि शेवटच्या पानाआधी खुनी कोण हे एकाही वाचकाला कळू दिलं नाही! शिक्षण सातवी नापास. मोठ्या शहरातल्या समीक्षकांनी माझं नाव ऐकलं नाही, मीही त्यांचं ऐकलं नाही. फिट्टंफाट! पण नेरच्या बसस्टँडवर विचारा. यज्ञेश्वरची कादंबरी हातात घेतलेला माणूस दारव्ह्याला उतरायचं विसरतो आणि दिग्रसला पोचतो! आणि एक सांगून ठेवतो, मी लिहिताना कोणाच्या बापाला भीत नाही.

त्या साली बोंडअळीने निम्मा कापूस खाल्ला. उरलेला बैलबंडीत भरून मी आणि माझी बायको शोभा खरेदी केंद्राच्या रांगेत तीन दिवस उभे होतो. रांग अशी, की शेवटच्या बंडीचे बैल शेजारच्या तालुक्यातलं गवत खात होते! पुढे टेबलाशी ग्रेडर विठ्ठलराव. बंडीतून मूठभर कापूस उपसायचा, डावा कान ओढायचा, लवंग चावायची आणि निकाल द्यायचा: ‘सुपर!’ नाहीतर ‘फरतड!’ फरतड म्हणजे शेवटच्या वेचणीचा कचरा. एका शब्दात वर्षभराची माती!

पुढच्या बंडीतला धनसिंग कंटाळून म्हणाला, “भाऊ, ते वही घेऊन काय करून राह्यले? वाचा ना जोरात!”

माझी अठरावी कादंबरी होती ती, ‘जिनिंगमधला मुडदा’. वाचली. दहा बंड्यांची माणसं गोळा झाली. शेवटच्या पानावर खुनी निघाला ग्रेडर. डावा कान ओढणारा, लवंग चावणारा! माणसं हसून हसून कापसात लोळली.

“हिंमत लागते, बाप्पा!” धनसिंग म्हणाला.

“आपण कोणाले भेत नाही,” मी मिशीवर हात फिरवला.

मग ती वही एका बंडीतून दुसऱ्या बंडीत सरकत पुढे गेली. रांग हलेना, पण माझं साहित्य पळालं! संध्याकाळी धनसिंग धापा टाकत आला.

“भाऊ, घात झाला! वही विठ्ठलरावच्या हाती लागली. घरी घेऊन गेले ते!”

मिशीवरचा माझा हात खाली आला. शोभा शांतपणे म्हणाली, “काहो, तुमी त कोणालेच भेत नाही ना?”

“तसं नाही, पण...”

“पण कायले? आपल्या कापसाले फरतड म्हटलं ना, तर तुमच्या सतराही कादंबऱ्या चुलीत घालीन. चहा बरा होईल!”

उजाडता उजाडता कापसावर उकिडवं बसून नवीन शेवट लिहिला. खुनी कोणी बाहेरगावचा दलाल. आणि ग्रेडर? छे छे, देवमाणूस! तो तर तिसऱ्या प्रकरणापासून रजेवर होता!

“मले करा ना खुनी,” धनसिंग खांद्यावरून डोकावत म्हणाला. “नाव त छापून येईल.”

“चूप बस, आन हे कागद साहेबाले देऊन ये!”

दुपारी आमची बंडी टेबलाशी लागली. विठ्ठलरावांच्या एका हातात माझी वही, दुसऱ्या हातात माझे कागद. आज कान ओढला नाही. लवंगही नाही.

“लेखक तुमीच?”

“हो साहेब. पण खुनी तुमी नाही! साफ बदलला!”

“काहून बदलला?”

“आं?”

“सतरा वर्षं झाली नोकरीले,” विठ्ठलरावांनी वही छातीशी धरली. “सासुरवाडीत कोणी पाण्याले इचारत नाही मले. काल पह्यल्यांदा बायकोनं पाटावर बसवून जेवाले वाढलं. साडूले फोन केला, म्हटलं पुस्तकात खुनी आपण हावो! तीन खून! आन सकाळी तुमी मले रजेवर पाठवता?”

त्यांनी आमच्या बंडीतून मूठभर कापूस उपसला. पांढरा शुभ्र, लांब धाग्याचा! तोंड उघडलं, “फर...”

शोभाने झडप घालून त्यांच्या हातातले नवीन कागद ओढले आणि टराटरा फाडले.

“साहेब, माहा नवरा भित्रा हाय, त्याचं काय मनावर घेता! खुनी तुमीच. तीनचे चार करते तो!”

विठ्ठलरावांनी सावकाश डावा कान ओढला.

“चार?”

“पाच!” मी म्हणालो.

“सुपर!” खऱ्या मालाला खरा भाव मिळाला, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगतो!

बंडी हलली, तेवढ्यात मागून हाक आली. “लेखक! एक अडचण हाय. आमचा साडू दोन पानांच्या पुढं वाचत नाही.”

आता कादंबरी छापून आली आहे. नेरच्या बसस्टँडवर मिळते. मुखपृष्ठावर विठ्ठलरावांचा फोटो, लवंगेसकट, आणि खाली ठळक अक्षरात: ‘खुनी’.

दारव्ह्याचे प्रवासी हल्ली दारव्ह्यालाच उतरतात.