गाडीचा कूलर

नंदनवन वस्तीत आमच्या शेजारी एका स्कूटरला कूलर लावलेला आहे. हो, स्कूटरलाच! मे महिन्यात अख्खं नागपूर भाजून निघतं, शेजारचे वासुदेवभाऊजी स्वतः दुपट्ट्याने वारा घेत बसतात, आणि घरातला एकुलता एक कूलर पोर्चमध्ये लेकीच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर गार हवा सोडत असतो.

"बातमीत दाखवून राहिले ना, वहिनी! उभ्या उभ्या पेटून राहिल्या गाड्या!"

आता टीव्हीवर कुठलीशी एकच जळकी स्कूटर दिवसभर फिरवून फिरवून दाखवतात. भाऊजींच्या लेखी दर वेळी नवीन पेटते. स्कूटरशेजारी वाळूची बादली, देवाची उदबत्तीसुद्धा मागच्या अंगणात. एकदा मी कढीपत्ता मागायला गेले, तर मलाच विचारतात, "गॅस बंद करून आल्या ना जी?" जन्मभर विजेच्या खांबांवर चढलेला हा माणूस!

बरं, स्वतः मोटरसायकलवरून घरी येताना हेल्मेट कुठे? कोपरात.

त्यांची लेक पल्लवी दूर कुही गावच्या शाळेत शिकवते. त्या स्कूटरवरच रोज जाऊन येते. आई नाही, घरात बापलेक दोघंच. संध्याकाळी आली की भांडण आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं.

"बाबा, गाडी पेटली तर टीव्हीवर येते. रस्त्यावर रोज डोकी फुटून राहिली, ते कोण दाखवते?"

"मले काही होत नाही वं."

"मी कुहीले खोली घेणार होती. तुमच्या ह्या उघड्या डोक्यापायी घेत नाही. कोण बघणार तुमच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी हेल्मेट पुन्हा कोपरातच. मला तर असा राग यायचा! पोरीनं किती जीव तोडून सांगायचं?

परवा बाजारातून ऑटोने येत होते. सिग्नलला शेजारी एक मोटरसायकल थांबली. स्वाराच्या डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा घट्ट. शर्ट मात्र ओळखीचा. अगं बाई, भाऊजी!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली, हेल्मेट काढलं आणि कोपरात अडकवलं. मी ऑटोतून उतरून समोरच उभी राहिले.

"काहून जी भाऊजी? हे काय नाटक?"

भाऊजी कानापर्यंत लाल झाले. "पल्लवीले सांगू नका, वहिनी. मी नीट वागून राहिलो हे तिले समजलं, तर ती निवांत कुहीले राहाले जाईल."

"आणि तो कूलर?"

"ते गाडीच तर तिले रोज घरी आणते. मग गाडीले जपाले नको?"

गाडी ढकलत ते माझ्यासोबत घरापाशी आले. इतक्यात फाटकातून पल्लवीचा आवाज आला, "बाबा! आजही डोकं उघडंच?"

भाऊजींनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"हो ना वं पल्लवी," मी म्हटलं. "चांगली बोल ह्यांना. आमचं तर ऐकतच नाहीत."