काठावरची लाल खुर्ची

शकुंतलाबाई पाण्यात उतरत नव्हत्या. बाकी सगळी तयारी झाली होती.

बिरसीजवळच्या त्यांच्या घरामागे पूर्वी बैलांचा गोठा होता. त्या जागेवर दुधराम रहांगडाले यांनी गेल्या उन्हाळ्यात पोहण्याचा हौद बांधला, निळ्या फरशीचा, पायऱ्या-बियऱ्या असलेला. बांधला तो रायपूरच्या नातीच्या हौसेखातर. नात आठवडाभर डुंबली आणि शाळा सुरू झाली म्हणून निघून गेली. मग हौद बेडकांकडे गेला. गावातले लोक त्यात मासे कधी सोडता, असं विचारू लागले.

दसऱ्याच्या सुमारास शकुंतलाबाईंच्या गुडघेदुखीने उचल खाल्ली. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज पाण्यात चाला, नाहीतर नागपूरला जाऊन गुडघे बदलावे लागतील. ऑपरेशनच्या नावाने शकुंतलाबाई घाबरल्या, आणि त्यांच्यापेक्षा जास्त दुधराम घाबरले. ओट्याची एक पायरी चढायला बायकोला भिंत धरावी लागते, हे त्यांना बघवत नसे. पण घरचा हौद अखेर कामी येणार, याचा त्यांना आनंदही झाला होता.

दुधराम स्वतः सहसा कशात उतरत नसत. रोवणीच्या दिवसांत बाया गुडघाभर चिखलात वाकून धान लावत, शकुंतलाबाईही त्यांच्यातच असत, आणि दुधराम धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन उभे राहत. तिथून त्यांना सगळं नीट दिसे. "ओळ वाकडी होऊन राहिली," ते सांगत. धान त्यांनी सांगितल्याशिवायही उगवलं असतं, पण हे त्यांना कोण सांगणार?

तर दुधरामांनी हौदाच्या काठावर लाल प्लास्टिकची खुर्ची मांडली, तीवर बसले आणि म्हणाले, "उतर."

शकुंतलाबाई पहिल्या पायरीवर बसल्या. पावलं भिजवली आणि उठल्या.

"काऊन? का झालं?"

शकुंतलाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. शेवटी वर पाहिलं. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणाऱ्या पोरांपैकी कुणीतरी आकाशात घिरट्या घालत होतं.

"वरून विमान जाऊन राहिलं," त्या म्हणाल्या. "उघड्यावर कशी उतरू?"

दुधरामांना हे पटलं. शिवाय थंडीही तोंडावर आली होती. हौदावर छत घातलं की पाणी उबदार राहील आणि घरच्यांना बाराही महिने उतरता येईल. त्यांनी सडक अर्जुनीहून उमेंद्रला बोलावलं. उमेंद्र शेतकऱ्यांना भाजीपाल्यासाठी प्लास्टिकची पॉलिहाऊसं उभारून देई.

"काकाजी, अंदर टमाटर लावता का शिमला मिरची?"

"तुझी काकी लावाची हाये," दुधराम म्हणाले.

लोखंडी कमानी आल्या, त्यांवर दुधी प्लास्टिक चढलं. आत छान ऊब धरली. दुधरामांनी नारळ फोडला, खुर्ची आत नेली आणि बसले.

"आता विमानातून कोनी दिसत नाई. उतर."

शकुंतलाबाई पायरीवर बसल्या. पावलं भिजवली. "बाजूनं सावली दिसते जी," त्या म्हणाल्या. "गल्लीतून लोक पाहतात."

उमेंद्र पुन्हा आला आणि त्याने चारी बाजूंना हिरवी जाळी बांधली. त्याने झालं उलटंच. आतापर्यंत गल्लीतल्या लोकांना आत काय आहे ते ठाऊक होतं, आता दिसेना म्हटल्यावर त्यांना ते बघणं भाग पडलं. पटलेबुवांनी कुठलं तरी भारी परदेशी पीक लावलंय, अशी बातमी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचली. आडनाव चुकलं होतं, पण रोज दोनचार जण जाळी वर करून डोकावू लागले. एक जण तर बियाणं मागायला आला.

"अशात मी पाण्यात उतरू?" शकुंतलाबाईंनी विचारलं. त्यांचंही बरोबरच होतं.

मग दार बसलं. दाराला बाहेरून कडी होती, म्हणून मग आतूनही कडी बसली. उमेंद्र आता चहा न विचारताच स्वतः घेऊ लागला होता.

"काकाजी, मिरचीले एवढं कोनी करत नाई," तो जाताना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधरामांनी स्वतःच्या हाताने आतून कडी लावली. ओढून पाहिली. वर पाहिलं, चारी बाजू पाहिल्या. मग खुर्चीवर बसून समाधानाने म्हणाले, "आता एक मुंगीबी पाहू शकत नाई. उतर."

शकुंतलाबाई पायरीवर बसल्या. पावलं भिजवली.

"अवो, आता कोन पाहून राहिलं?"

शकुंतलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "कोनी नाई," त्या म्हणाल्या आणि साडीचा भिजलेला काठ पिळू लागल्या.

दुधरामांचा धीर सुटला. "भेव लागते का? अवो, पाण्याले भ्यायचं नसते. हात असे पुढं घ्याचे, पाय असे मागं माराचे." बसल्या जागी हात-पाय मारता मारता ते खुर्ची पुढे सरकवू लागले, म्हणजे बायकोला नीट दिसेल. रात्रभर साचलेली वाफ सकाळी छतावरून फरशीवर गळत असे. ओल्या फरशीवर खुर्चीचा पाय घसरला आणि दुधराम खुर्चीसकट पाण्यात गेले.

ते वर आले, खाली गेले, पुन्हा वर आले. पोहता न येणारा माणूस जे जे करतो ते सगळं त्यांनी केलं.

शकुंतलाबाई नेसत्या साडीनिशी पाण्यात शिरल्या. तीन हात मारून त्या नवऱ्याजवळ पोचल्या आणि त्यांचा दंड धरून म्हणाल्या, "उभे राहा जी. छातीएवढंच हाये."

दुधराम उभे राहिले. पाणी खरंच छातीएवढं होतं. ते पायरीवर येऊन खोकत बसले. शकुंतलाबाई मात्र वर आल्या नाहीत. पलीकडच्या भिंतीपर्यंत पोहत गेल्या आणि वळून पाठीवर तरंगत परत आल्या.

"तुले पोहता येते?" दुधरामांनी विचारलं.

"माहेर नवेगावबांधचं हाये माझं. लगनाले आलते तं तलाव दिसला नाई का तुमाले?"

"मंग दोन महिने हे का लावलं होतं? विमान म्हनली, सावली म्हनली, लोक म्हनली."

"विमानवाल्याले कायले माझी पडली हाये? तो आपलं विमान सांभाळून राहिला."

"मंग लाज कोनाची वाटत होती?"

पाण्यावर उलटी पडलेली लाल खुर्ची शकुंतलाबाईंनी पायाने हळूच काठाकडे ढकलली.

"लाज नाई जी," त्या म्हणाल्या. "जिंदगीभर मी चिखलात अन् तुमी धुऱ्यावर. इथं तरी ओळ वाकडी जाऊ द्या माझी."

दुधराम खुर्चीकडे बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं, आणि बायको पाण्यात उतरली याचा आनंद त्याहून जास्त झाला. ते उठले, खुर्ची उचलली आणि दार उघडून बाहेर गेले. मागे आतली कडी लागल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाहेर उन्हात खुर्ची टाकून बसले होते. काल भिजलेला सदरा धुऊन खुर्चीच्या पाठीवर वाळत घातला होता आणि अंगात नुसतं बनियन होतं. शेजारची चंदा आणखी दोघींना घेऊन टॉवेल खांद्यावर टाकून आली.

"कोठी चालल्या?"

"काकीनं बलावलं," चंदा म्हणाली. दार उघडलं, तिघी आत गेल्या, कडी लागली. आतून पाण्याचा धबाधबा आवाज आणि हसणं ऐकू येऊ लागलं. त्यात शकुंतलाबाईंचं हसणं दुधरामांना ओळखू आलं. इतकं मोठं हसणं त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात बिरसीकडून विमान आलं आणि घरावरून सावकाश वळलं. दुधरामांनी वर पाहिलं. दुधी छत होतं, हिरवी जाळी होती, दार बंद होतं. वरून दिसण्यासारखे आता ते एकटेच उरले होते.

दुधरामांनी खुर्चीवरचा ओलसर सदरा काढला, अंगात घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.