नववी गोळी

आमच्या पारनेरात लग्नाच्या वरातीत बंदुकीचा बार उडाला की लोक आभाळाकडे बघतात, गेनबा हवालदार जमिनीकडे. फौजेतून पेन्शनीवर आलेले हे गृहस्थ वऱ्हाडाच्या पायांतून वाकून काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करणार. "मोजल्याबिगर उठायचं न्हाई!" हा त्यांचा मंत्र. पलटणीच्या बंदुका त्यांच्या ताब्यात असत. नेमबाजीची चांदमारी झाली, की सगळ्या पुंगळ्यांचा मेळ लागेपर्यंत ते कुणाला जेवायला सोडत नसत म्हणे.

शेजारी म्हणून मी हे सगळं सोसलं. पण अमेरिकेतल्या एका पुढाऱ्याचा खून माझ्या घरात शिरला, तेव्हा माझं डोकं फिरलं. ऐन निवडणुकीच्या धामधुमीत एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्याला गोळ्या घातल्या. त्यालाही चार वर्षं होत आली, आणि आता पेपरात वाद सुरू झाला. मारेकऱ्याच्या पिस्तुलात गोळ्या आठ, पण काही जण म्हणतात, झाडल्या गेल्या त्याहून जास्त; तिथल्या दाराच्या चौकटीतही भोकं होती. ही बातमी हवालदारांना मीच वाचून दाखवली. अवदसा आठवली मला!

दुसऱ्या दिवशी शाळेतून येतो तर माझ्या दाराच्या नव्याकोऱ्या सागवानी चौकटीवर खडूची नऊ वर्तुळं, आणि एकात चक्क खिळा ठोकलेला!

"हवालदार, हे काय मांडलंय?"

"खुनाची जागा. आठ गोळ्या हितं बसत्यात. मंग नववी कुटनं आली, सांगा!"

"मला काय विचारता? मी झाडली का?"

"मोजायच्या आदी कुनीतरी हात लावला आसंल, मास्तर! लाज वाटाया पायजे त्येला!"

मी ऐकून घेतो होय! "तो मेला सातासमुद्रापलीकडं, माझ्या चौकटीनं तुमचं काय घोडं मारलंय? तुमचा कोण लागत होता तो?"

हवालदार उंबऱ्यावर बसले. अंगातल्या कोपरीच्या खिशातून एक काळवंडलेली पितळी पुंगळी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"धाकटा भाऊ माजा, किसन. मी रजेवर आल्तो तवा वरातीत गोळी लागून गेला. वर बार उडवताना चुकून लागली, आसं पंचनाम्यात लिवलं. ही पुंगळी वरातीपासनं लांब, निवडुंगाच्या आड पडल्याली. म्हंजी कुनीतरी दबा धरून मारली."

"मग फौजदाराला दाखवायची ना!"

"दावली की. त्यो म्हनला, तितंच पडली हुती कशावरनं?" त्यांनी पुंगळीकडं बोट केलं. "पलटनीतली सवय, मास्तर. पुंगळी दिसली, मी वाकलो, उचलली, खिशात टाकली. मंग ध्यानात आलं. किसनचा पुरावा मीच पुसला."

चौकटीपायी आलेला माझा राग उठला तो थेट त्या फौजदारावर गेला. मेलेल्याच्या भावाला असं विचारवतं तरी कसं? पण बोलून काय उपयोग होता!

"तुमाला इंग्रजी येतंय," हवालदार म्हणाले. "तेवढं तिकडं अमेरिकेला लिवा. म्हनावं, जितं जे घावंल तितंच ऱ्हाऊ द्या. हात लावू नका."

मी आत जाऊन कागद घेऊन आलो. चौकटीवरची वर्तुळं मी अजून पुसलेली नाहीत.