शलोमकाकांचे आठवडे

शलोमकाका तारीख सांगत नाहीत. आठवडा सांगतात.

मागे आमच्या विश्रामबागेतल्या इमारतीच्या नळांना गढूळ पाणी आलं. प्लंबर महादूनं विचारलं, "आवं काका, टाकी कवा धुतल्ती?"

"नोहाच्या आठवड्यात."

"कोन नोहा? दुसरा प्लंबर लावलाय व्हय?"

"पाण्यातलाच माणूस. पण फार जुना," काका म्हणाले. महादू आठवडाभर रुसला होता.

काका बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. माधवनगरच्या एका गिरणीत नोकरीला कोकणातून आले. गिरणी बंद पडली, काका राहिले. त्यांच्या तोरा या धर्मग्रंथाचे भाग पाडलेले आहेत. दर शनिवारी जगभर सगळे यहुदी एकच भाग वाचतात; भागाचं नाव तेच त्या आठवड्याचं, जसा महापुरातून तारू नेणाऱ्या नोहाचा. वर्षात ग्रंथ संपतो आणि संपतो त्याच दिवशी पुन्हा सुरू होतो. रजा नाही. रीतसर वाचायला दहा पुरुष लागतात. इथे काका एकटेच. म्हणून ते गॅलरीत वाचतात आणि समोर मी बसते, भडंगाची वाटी घेऊन.

एकदा भाग निघाला महारोगाचा. चट्टे, फोड, पू, सगळं तपशीलवार. मी म्हटलं, "काका, एवढं सोडून पुढचं वाचा की."

"उडी मारायची नाही. देवाला सांगताना किळस आली नाही, तुला ऐकताना येते?"

मी वाटी खाली ठेवली. ती त्यांनी संपवली.

त्यांचा मुलगा दानीएल इस्राएलला स्थायिक झालाय. दर रविवारी फोन. त्यात तब्येत नाही, हवापाणी नाही, फक्त ग्रंथातला त्या आठवड्याचा भाग.

"बिलामाची गाढवी वाचलीस?"

"वाचली, पप्पा."

"बोलली?"

"बोलली."

"बरं." फोन बंद.

एका वर्षी पेसाहच्या सणानंतर घोटाळा झाला. हा सण इस्राएलबाहेर आठ दिवस, तिकडे सात. आठवा दिवस नेमका शनिवारी आला. इकडे सणाचंच वाचन झालं, तिकडे पुढचा भाग सुरू, म्हणजे काका एक आठवडा मागे.

रविवारी काकांनी विचारलं, "कुठवर आलास?"

"मी पुढं गेलो, पप्पा."

काका फोन कानाला धरूनच ग्रंथाची पुढची पानं उलटू लागले. पलीकडून "हॅलो, हॅलो" मलाही ऐकू येत होतं. शेवटी "बरं" म्हणाले.

त्यानंतर काका महादूशीसुद्धा वाद घालेनात. एका मंगळवारी मी आमटी द्यायला गेले, तर आतून वाचनाचा आवाज. वार शनिवार नाही, गॅलरी नाही. दार लोटलं तर काका भिंतीकडे तोंड करून वाचत होते.

"काका, हे काय?"

"आपला भाग शनिवारी झाला. हा त्याचा," ते म्हणाले. "जुलैत आपल्याकडे एकाच शनिवारी दोन भाग वाचतात, तिकडे एकेकच, तेव्हा गाठू त्याला. तोवर दोन्ही वाचायचे."

"अहो, पण तिकडे त्याच्याबरोबर दहा काय, शंभर माणसं वाचत असतील."

"असतील की," काका म्हणाले. "त्यात घरचं कोण?"

आणि चष्मा सारखा करून ते पुढची ओळ वाचू लागले.