गेंड्याचं तमिळ

अंबुजाक्कांशी बोलताना आपलं वाक्य जरा लांबलं, की त्यांची तर्जनी वर जायची. "फुग्यांत बैसत नाहीं," त्या म्हणायच्या, आणि आपण गप्प.

चेन्नईत नोकरी लागली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. अण्णा नगरमधल्या त्यांच्या घराची वरची खोली मी भाड्यानं घेतली ती केवळ मालकीणबाई मराठी बोलतात म्हणून. सांगलीत आईचा जीव भांड्यात पडला. पहिल्याच दिवशी मी अक्कांना सांगायला लागले, की माझ्या ऑफिसच्या वेळा अशा अशा आहेत, कधी मीटिंग लांबते, कधी कंपनीची गाडी उशिरा येते, तर तुम्ही काळजी करू नका, मी फोन करीन, आणि फोन लागला नाही तर... तर बोट वर.

"फुग्यांत बैसत नाहीं. उशीर होईल, इतकेंच सांगा."

मला वाटलं, बाईंना पोटात गॅस धरण्याचा त्रास असावा. त्या रात्री मी त्यांना ओवा नेऊन दिला. त्यांनी तो मुकाट्यानं घेतला आणि दुसऱ्या दिवशी रसमच्या फोडणीत घातला.

त्यांचं मराठी तंजावरचं. 'बसा' नाही, 'बैसा'. 'झालं' नाही, 'जाहलें'. अधूनमधून तमिळ. माझं मराठी त्यांना पळत सुटल्यासारखं वाटायचं, मला त्यांचं बखरीतून उठून आल्यासारखं. शिवाय त्या यच्चयावत सगळ्यांना अहो-जाहो करत. मला, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याच्या चार वर्षांच्या मुलीला. गल्लीतलं तांबडं कुत्रं फाटकातून आत शिरलं, तर हातातली केरसुणी पाठीमागं लपवून म्हणायच्या, "बाहेर चला पाहूं तुम्ही." कुत्रं ओशाळून निघून जायचं.

त्या उन्हाळ्यात टीव्हीवर एका सिनेमाची जाहिरात लागायला लागली आणि मी खुर्चीतून उडालेच. पोस्टमन गेंडा! लहानपणी रविवारी सकाळी आम्ही भावंडं त्याचं कार्टून बघायचो. मूळचा तो परदेशातला. हिंदीत त्याचं नाव गेंडासिंग होतं. खाकी टोपी, गळ्यात पत्रांची पिशवी, आणि शिंगात अडकून फाटलेलं एक तरी पाकीट. आता त्याच्यावर खऱ्या माणसांचा सिनेमा निघाला होता. रस्ता खरा, सायकल खरी, माणसं खरी, फक्त गेंडा तेवढा कॉम्प्युटरवर केलेला.

"अक्का, हा आमचा गेंडासिंग!"

"कंदप्पन," अक्का म्हणाल्या. "इथें त्याचें नांव कंदप्पन."

जाहिरातीत गेंडा एका म्हाताऱ्या हवालदाराला तमिळमध्ये म्हणत होता, "डेय्, नी वा डा!" म्हणजे, ए, तू ये रे इकडं. अक्कांनी उठून टीव्ही बंद केला. दिवसभर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. कुत्र्याशीसुद्धा.

सिनेमा लागला त्या दिवसापासून त्यांचा नवाच उद्योग सुरू झाला. साडेचारला कडक इस्त्रीची सुती साडी नेसायची, छत्री घ्यायची, ताकाची बाटली घ्यायची आणि बसनं थिएटरवर जायचं. आत नाही. बाहेरच्या फाटकाशी उभं राहायचं आणि मॅटिनी सुटली, की बाहेर पडणाऱ्या लोकांना धरून धरून अभिप्राय विचारायचा. 'अभिप्राय' हा शब्द तमिळमध्येही चालतो, त्यामुळं त्यांची मोठीच सोय झाली होती.

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. म्हटलं, बाईंना ऊन लागलं तर कुणीतरी हवं. तोवर मला तमिळ बऱ्यापैकी कळायला लागलं होतं.

पहिल्यांदा एक बाई सापडल्या, दोन पोरांना बकोटीला धरलेल्या. "एसी छान होता," त्या म्हणाल्या.

"आणि गेंडा?"

"गेंडाही छान. दोन तास ही दोघं जागची हलली नाहीत, मला आणखी काय हवं?"

मग माझ्याच वयाचा एक चष्मेवाला मुलगा. त्यानं गेंड्याच्या कातडीवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. सुरकुत्यांवर उजेड चुकीचा पडतो म्हणे. अक्कांची तर्जनी वर गेली, तसा तो "ग्राफिक्स वाईट" एवढं म्हणून निघून गेला. एका आजोबांना फार शांत झोप लागली होती. एका पोराचं म्हणणं पडलं, की गेंड्यानं शेवटी सगळ्यांना शिंगानं उडवायला हवं होतं. कॉलेजच्या तीन मुलींना रडू आलं होतं, पण ते सिनेमाचं नव्हतं, लहानपणाचं होतं, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

"आणि तो बोलतो कसा?" अक्का प्रत्येकाला शेवटी विचारायच्या.

"बोलतो कसा म्हणजे? तमिळ बोलतो की!"

बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मला राहवलं नाही. "अक्का, तो कसा बोलतो याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"त्याला बोलायला मी शिकविलें," त्या म्हणाल्या.

मग कळलं ते असं. अक्कांचे यजमान जॉर्ज टाउनमधल्या एका छापखान्यात हिशेबनीस होते. तो छापखाना गेंड्याच्या चित्रकथा दर महिन्याला तमिळमध्ये काढायचा. एकदा भाषांतर करणारा माणूस आजारी पडला. यजमान इंग्रजी पानं घरी घेऊन आले आणि म्हणाले, "तुला इंग्रजी येतें ना? एवढें करून दे." अक्कांनी केलं, आणि पुढं सोळा वर्षं करतच राहिल्या. चित्रातल्या पात्रांच्या तोंडाशी जो पांढरा फुगा असतो, त्यात वाक्य बसवायचं. बसलं नाही तर कापायचं. नाव कुठं छापून आलं नाही. कंदप्पन हे नावही त्यांचंच. आणि त्यांचा कंदप्पन कधी कुणाला 'नी', म्हणजे तू, म्हणाला नव्हता. सगळ्यांना 'नींग'. तुम्ही. चोराला, लहान पोरांना, पाठीमागं लागलेल्या कुत्र्यालासुद्धा.

"मग छापखाना मिटला. कुणी सांगितलें नाहीं मला. तीन महिने मी पानांची वाट पाहत होतें."

आता नव्या सिनेमात, तमिळ संवाद लिहिणाऱ्या कुणीतरी, गेंड्याच्या तोंडी सर्रास 'नी' घातलं होतं. ते कुणाला खटकतंय का, एवढंच अक्कांना जाणून घ्यायचं होतं. दोन आठवडे झाले. कुणालाच खटकलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी थिएटर अर्धंच भरलं होतं. मॅटिनी सुटली तेव्हा एक चाळिशीचे गृहस्थ सात-आठ वर्षांच्या मुलीचा हात धरून बाहेर आले. अक्का पुढं झाल्या.

"अभिप्राय काय सांगू, अम्मा," ते म्हणाले. "हिला आवडला. मला जरा चुकल्यासारखं वाटलं. हा 'वा डा, पो डा' असं अरेतुरे करतो सगळ्यांना. आमचा कंदप्पन असा नव्हता."

"कसा होता?" अक्कांनी विचारलं.

"फार अदबीनं बोलायचा. आमच्या घरी वडील मला हाक मारायचे ती शिवी घालूनच. मला 'नींग' म्हणणारा जगात तेवढा एकटा गेंडाच होता. म्हणजे मला नाही म्हणायचा, पुस्तकातल्या पोरांना म्हणायचा. पण मला आपलं वाटायचं, मलाच म्हणतोय." ते कसनुसे हसले. मग मुलीकडं वळून म्हणाले, "चला, तुम्हाला भूक लागली असेल."

तुम्हाला म्हणाले. मुलीनं त्यात काही विशेष आहे असं दाखवलं नाही.

अक्कांनी हात जोडले आणि त्यांना जाऊ दिलं. मी थक्क झाले. "अहो, सांगायचंत ना त्यांना! मी हाक मारू का?"

"नको. त्यांच्या मनांत गेंडा आहे. तिथें एक म्हातारी कशाला नेऊन बसवायची?"

त्यांनी बाटलीतलं उरलेलं ताक पिऊन टाकलं. संध्याकाळच्या खेळाला लोक यायला लागले होते.

"पण अक्का, तुम्ही तरी त्याला 'नींग' का शिकवलंत? इंग्रजीत तर नुसतं 'यू' असणार."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "काय घालायचें तें मी ठरवायचें होतें. दुसरें कांहीं त्या घरांत मी ठरवीत नव्हतें. एकोणीस वर्षांची होतें मी. घरांत अकरा माणसें. सकाळपासून 'ए' म्हणून हांक. ए, पाणी आण. ए, दार लाव. वाईट नव्हतीं तीं माणसें. तशीच रीत होती. दुपारीं सगळीं निजलीं, कीं मी तीं पानें घेऊन बैसायची. तेवढा एक तास माझ्याशीं कुणी नीट बोलायचें."

मी तिकीटखिडकीशी जाऊन दोन तिकिटं काढून आणली. नको म्हणतील असं वाटलं होतं, पण त्या निमूटपणे छत्री मिटून माझ्या पाठोपाठ आत आल्या.

अंधार झाला. गेंडा पडद्यावर आला, टोपी नीट केली आणि भाजीवालीला म्हणाला, "ए, तुझं पत्र आहे, घे!" माझ्या शेजारून पुटपुटणं ऐकू आलं. अक्का तेच वाक्य 'नींग' घालून आपल्या तमिळमध्ये पुन्हा म्हणत होत्या. "आपलें पत्र आहे हो. बैसून वाचा." पुढचं वाक्य. पुन्हा तसंच. गेंड्याचं तोंड मिटायच्या आत त्यांचं वाक्य पुरं होत होतं.

मागून कुणीतरी "शू" केलं. मी अक्कांच्या दंडाला हात लावणार होते. तेवढ्यात त्यांच्या पलीकडच्या खुर्चीत आईजवळ बसलेली एक चिमुरडी मुलगी हळूच सरकत अक्कांना येऊन टेकली. पडद्याकडं बघता बघता तिनं कान अक्कांकडं केला होता.

"पाट्टी," आपल्या आजीला हाक मारावी तशी ती कुजबुजली, "जरा मोठ्यानं सांगा ना."

अक्का तिच्याकडं वाकल्या.

"हो, सांगतें," त्या म्हणाल्या. "तुम्हांला दिसतें आहे ना नीट?"